चारकोपचं पान कॅलिफोर्नियात

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

आजचा प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे. इन्स्टाग्राम नाही, यूट्यूब नाही, व्हॉट्सॲप नाही. अशा काळात एखाद्याला इंटरनेटवर स्वतःचं काही टाकायचं असेल तर तो काय करायचा? ‘अपलोड’ या शब्दाच्या आत नक्की काय काय घडायचं?

गोष्ट आपल्या इथूनच सुरू करू, कांदिवली पश्चिमेहून. साल 1999. चारकोपमधला कॉलेजचा एक मुलगा. हा मुलगा मी रचलेला आहे, आधीच सांगतो. पण त्याच्या आजूबाजूचं सगळं खरं आहे. त्याच्या सोसायटीचा गणपती आहे, आणि त्याला मंडळाचं एक पान इंटरनेटवर टाकायचंय. एक फोटो, पाच दिवसांचे कार्यक्रम, आरतीची वेळ, आणि वर मोठ्या अक्षरात ‘गणपती बाप्पा मोरया’. मराठीत, हां. हा ‘मराठीत’ पुढे त्याला फार छळणार आहे.

पान लिहिणं हा त्यातला सोपा भाग. नोटपॅड उघडायचं, एचटीएमएल लिहायचं. एचटीएमएल म्हणजे साधा मजकूर, त्यात टोकदार कंसात सूचना: इथून ठळक, इथे परिच्छेद संपला, इथे फोटो लाव. फाइलचं नाव ठेवायचं ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’. कारण कुणी नुसता पत्ता टाकला, फाइलचं नाव नाही टाकलं, तर सर्व्हर त्या फोल्डरमध्ये आधी याच नावाची फाइल शोधतो. आजही. तुम्ही बघता त्या कितीतरी साइट्सच्या तळाशी अजून हीच फाइल बसलेली आहे.

पण त्या पोराच्या कॉम्प्युटरवर पान दिसलं म्हणजे ते जगाला दिसलं असं नाही. घराचा कॉम्प्युटर रात्री बंद होतो. आई म्हणते, लाइट बिल किती येतंय बघ. आणि फोनची लाइन इंटरनेटला जोडली की घरात दुसऱ्या कुणाचा फोन लागत नाही. पान जगाला दिसायचं असेल तर ते अशा कॉम्प्युटरवर ठेवायला हवं जो कधी झोपत नाही आणि कायम जोडलेला असतो. दुकान उघडून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला कॉम्प्युटर. त्याला म्हणायचं वेब सर्व्हर.

जगातला पहिला वेब सर्व्हर स्वित्झर्लंडच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर होता. त्या मशिनवर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती: हे मशिन सर्व्हर आहे, बंद करू नका. बाकी सगळं तंत्रज्ञान एका बाजूला आणि ती चिठ्ठी एका बाजूला. 1991 मध्ये ‘वेबसाइट चालू आहे’ याचा अर्थ इतकाच होता की कुणी येऊन ते बटण दाबलेलं नाही. 30 एप्रिल 1993 ला सर्नने हे तंत्र सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. तसं झालं नसतं तर हा भाग तुम्ही कशावर ऐकला असता मला माहीत नाही.

आता आपल्याकडे या. चारकोपच्या पोराचं पान सर्व्हरपर्यंत जायला रस्ता लागतो. आणि हा रस्ता आपल्या उपनगरातूनच गेलाय, हे फार कमी लोकांना माहीत असतं. कांदिवलीहून गाडी पकडा, पार्ल्याला उतरा, जुहूला या. तिथे गुलमोहर क्रॉस रोडवर एनसीएसटी नावाची संस्था होती. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, 1985 ची. तिचे संचालक श्रीनिवासन रमणी. 1986 मध्ये भारतात अर्नेट नावाचं नेटवर्क सुरू झालं. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहूची ही संस्था. देशाबाहेर जाणारा त्याचा दरवाजा एनसीएसटीमध्ये होता. तिथून अमेरिकेत व्हर्जिनियातल्या यूयूनेट या कंपनीपर्यंत जोडणी. जानेवारी 1991 मध्ये मुंबई-दिल्ली अशी अर्नेटची पहिली लीज्ड लाइन टाकली. वेग किती? 9.6 केबीपीएस.

आकडा समजून घ्या. सेकंदाला साधारण 1.2 केबी. तुमच्या फोनमधला 2 एमबीचा एक फोटो त्या लाइनवरून जायला जवळजवळ 28 मिनिटं लागतील. 10 एमबीची एखादी रील? सव्वादोन तासांहून जास्त. आणि ही लाइन दोन माणसांमध्ये नव्हती, दोन शहरांतल्या संस्थांमध्ये होती!

सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमकडून. व्हीएसएनएल. दर होता 250 तासांचे 5,000 रुपये, आणि त्यावर फोनचं बिल वेगळं. स्वस्तातलं जे खातं होतं त्याला ‘शेल अकाउंट’ म्हणायचे. काळा पडदा, पांढरी अक्षरं. मेल वाचायला ‘पाइन’, वेब बघायला ‘लिंक्स’. लिंक्समध्ये फोटो दिसतच नाही. फोटोच्या जागी चौकटी कंसात ‘इमेज’ असं लिहून यायचं. म्हणजे बाप्पाचा फोटो लावलास तरी अर्ध्या लोकांना ‘इमेज’चंच दर्शन. 1998 च्या नोव्हेंबरमध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, मग हळूहळू दर खाली आले आणि नाक्यानाक्यावर प्लायवुडच्या खोपट्यांचे सायबर कॅफे उगवले.

आपला मुलगा अशाच एका कॅफेत बसलाय. खिशात फ्लॉपी, 1.44 एमबीची. रस्ता मिळाला. आता पान ठेवायचं कुठे?

इथे मला चारकोपबद्दल थोडं बोलायचंय. विषय सोडून नाही, ऐका. चारकोप जसं उभं राहिलं ना, तसाच नव्वदच्या दशकातला फुकटचा वेब उभा राहिला. 1985 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने बॉम्बे अर्बन डेव्हलपमेंट प्रोजेक्ट सुरू झाला. त्यात चारकोप, गोराई, मालवणी इथे म्हाडाने ‘साइट अँड सर्व्हिस’ योजना केली. म्हणजे तयार घर द्यायचं नाही. आखलेला प्लॉट द्यायचा, रस्ता, पाणी, गटार, वीज आणून द्यायची, आणि घर ज्याचं त्याने बांधायचं. प्लॉट लहान, कुणाचा 25 चौरस मीटरचा, कुणाचा थोडा मोठा. लोकांनी जमेल तसं बांधलं, आधी एक मजला, मग पैसे आले की वर दुसरा. आजही तिकडच्या पत्त्यात आरएससी, सेक्टर, प्लॉट नंबर असतो. कुरिअरवाल्याला फोनवर पत्ता समजावून बघा, मग कळेल.

वेब होस्टिंग अगदी हेच. कंपनी वीज देते, लाइन देते, चोवीस तास चालणारं मशिन देते आणि त्यावर एक छोटा प्लॉट देते. घर तुम्ही बांधा. 1994 च्या शेवटी कॅलिफोर्नियात पुढे जिओसिटीज नावाने ओळखली गेलेली कंपनी निघाली आणि तिने हे अक्षरशः असंच मांडलं. तिने वेबवर वस्त्या पाडल्या. सिलिकॉन व्हॅली नावाची वस्ती कॉम्प्युटरवाल्यांसाठी, हॉलिवूड सिनेमावाल्यांसाठी, अथेन्स अभ्यासू मंडळींसाठी. तुम्ही वस्ती निवडायची, रिकामा नंबर बघायचा, आणि तो तुमचा पत्ता. जिओसिटीज डॉट कॉम, स्लॅश सिलिकॉन व्हॅली, स्लॅश अमुक नंबर. जागा फुकट, पुढे 15 एमबीपर्यंत. बदल्यात तुमच्या पानावर त्यांची जाहिरात.

तर चारकोपच्या गणपतीचं पान निघालं कॅलिफोर्नियाला. वाचणार कोण? समोरच्या सेक्टरमधली माणसं. पण आरतीची वेळ बघायला त्यांचा कॉम्प्युटर समुद्रापलीकडे विचारायला जाणार आणि उत्तर घेऊन परत येणार.

फाइल तिकडे पाठवायची ती एफटीपीने. फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल. हा नियम लिहिणारा माणूस भारतीय आहे. अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या तुकडीतले. अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना, एप्रिल 1971 मध्ये त्यांनी एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. वेबच्या वीस वर्षं आधी! आपल्याकडे वेबची सुरुवात सांगताना हे नाव क्वचित घेतलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एफटीपीचा प्रोग्राम उघडला की दोन खिडक्या दिसायच्या. डावीकडे आपलं मशिन, उजवीकडे सर्व्हर. डावीकडून उचला, उजवीकडे टाका. सोपं वाटतं ना? आता चुका ऐका. त्या काळी पान टाकणाऱ्या बहुतेकांनी यातली निदान एक तरी केलेली आहे.

पहिली, फोटो दिसत नाही. घरी दिसत होता, इथे नाही. का? कारण पानात फोटोचा पत्ता लिहिलाय ‘सी ड्राइव्ह, माय डॉक्युमेंट्स, गणपती’. तो पत्ता त्याच्या घरच्या कॉम्प्युटरचा आहे. कॅलिफोर्नियातल्या मशिनला त्याचं काय? आणि गंमत म्हणजे ज्याने पान बनवलं त्याच्याच घरच्या कॉम्प्युटरवर ते व्यवस्थित दिसतं, त्यामुळे त्याला चूक पटतच नाही. दुसरी, फाइलचं नाव. विंडोजला मोठा ‘जी’ आणि छोटा ‘जी’ सारखाच. बहुतेक सर्व्हर युनिक्सवर, तिथे ती दोन वेगळी नावं. एका अक्षरासाठी 404. तिसरी चूक मला सगळ्यात आवडते. एफटीपीत पाठवायच्या दोन पद्धती होत्या, मजकुरासाठी ‘ॲस्की’ आणि बाकी सगळ्यासाठी ‘बायनरी’. ॲस्कीमध्ये पाठवताना ओळींच्या शेवटची खूण बदलली जायची, कारण विंडोज आणि युनिक्स ओळ वेगळ्या तऱ्हेने संपवतात. मजकुराला ते बरं. फोटो तसा पाठवला तर फोटोच्या आतले आकडे बदलायचे आणि पलीकडे पोहोचायचा तो खराब फोटो. बाप्पाच्या सोंडेखाली नुसते रंगीत पट्टे.

आणि स्वतःचं युनिक्स खातं असेल, कॉलेजात वगैरे, तर फाइल ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि परवानगी द्यायची. 644, म्हणजे मी लिहीन आणि वाचेन, बाकीचे फक्त वाचतील. फोल्डरला 755. हे आकडे विसरलात तर पान तिथे असूनही सर्व्हर म्हणणार, मनाई आहे.

चला, फोटो दिसला. आता मराठी.

1999 मधल्या कॅफेच्या कॉम्प्युटरला मराठी माहीतच नव्हतं. विंडोज 98 ला देवनागरी म्हणजे काय ते कळत नव्हतं. मग लोक काय करायचे? असा फॉन्ट बनवायचे ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेले असतील. एका जागी काना, एका जागी अर्धा म, चौकोनी कंसाच्या जागी आणखी काही. कॉम्प्युटरला वाटायचं हा इंग्रजीच आहे, फक्त जरा विचित्र दिसतोय. शिवाजी, किरण, श्रीलिपीतले फॉन्ट, सी-डॅकचे फॉन्ट, प्रत्येकाची मांडणी वेगळी. वाचणाऱ्याच्या मशिनवर तोच फॉन्ट असेल तर ‘गणपती बाप्पा मोरया’. नसेल तर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर यांची खिचडी. म्हणून जुन्या मराठी साइटवर सगळ्यात वर एक ओळ हमखास असायची: आधी इथून फॉन्ट डाउनलोड करा. कॅफेवाला म्हणायचा, माझ्या मशिनवर काही इन्स्टॉल करायचं नाही. विषय संपला.

काही जण वैतागून सगळा मजकूर चित्र म्हणूनच टाकायचे. काही जण रोमन लिपीत मराठी लिहायचे, जे तुम्ही आज चॅटमध्ये करताच. अडचणींच्या या ढिगाऱ्यातूनच अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी 1996 च्या गणेशचतुर्थीला, 16 सप्टेंबरला, मायबोली सुरू केली. ती साइट अजून चालू आहे. आणि पुढे मनोगत, मिसळपाव यांचाही मुहूर्त गणेशचतुर्थीचाच. मराठी माणूस सर्व्हर चालू करतानाही पंचांग बघतो.

फॉन्टच्या या खिचडीवरचा उपाय तसा आधीच तयार होता. युनिकोड. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर 1991 ची, आणि देवनागरी त्यात पहिल्यापासून होती, आपल्याच इस्की या भारतीय मानकाच्या मांडणीवर आधारलेली. पण नंबर असून भागत नाही, तो पडद्यावर काढणारी अक्षरं हवीत. क आणि ष जोडले की ‘क्ष’ व्हायला हवं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जायला हवी. हे नियम फॉन्टमध्ये भरावे लागतात.

आणि इथे आपण पुन्हा जुहूला येतो, त्याच एनसीएसटीत. र. कृ. जोशी. जे. जे. मध्ये शिकलेले, जाहिरातीत वर्षानुवर्षं काम केलेले, मग आयआयटी पवईच्या आयडीसीत प्राध्यापक, शिवाय मराठी कवी आणि सुलेखनकार. निवृत्तीनंतर ते एनसीएसटीत आले आणि कॉम्प्युटरसाठी भारतीय लिप्यांची अक्षरं घडवायला लागले. विंडोज 2000 मध्ये देवनागरीसाठी जो ‘मंगल’ फॉन्ट आला, तो त्यांचा. सरकारी अर्ज, शाळेच्या नोटिसा, लग्नाच्या घाईत टाइप केलेल्या याद्या, मंगल तुम्ही हजार वेळा पाहिलाय, कुणी काढला हे न विचारता. जोशी 2008 मध्ये गेले.

म्हणजे बघा. बाहेर जाणारा रस्ता जुहूतून, आपली अक्षरं जुहूतून. आणि तिसरी गोष्टही, पत्ता. भारताचं ‘डॉट इन’ 1989 पासून याच संस्थेकडे होतं. फक्त ते मिळवण्याचे नियम इतके कडक होते की 1992 ते 2004 या काळात जेमतेम 7,000 नावं नोंदली गेली. अख्ख्या देशात! मग आपल्या पोराने जिओसिटीजचा नंबर का घेतला ते समजतं. स्वतःचा पत्ता त्याच्या घरापासून लोकलने अर्ध्या तासावर होता, पण त्याला मिळण्यासारखा नव्हता. जानेवारी 2005 मध्ये नियम सैल झाले. एनसीएसटी तोवर सी-डॅकमध्ये विलीन झाली होती. ऑगस्ट 2014 मध्ये देवनागरीत ‘डॉट भारत’ही आलं, त्यात मराठीही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ते यायला पंधरा वर्षं उशीर झाला. लोकांची बोटं ‘डॉट कॉम’ला सरावली होती.

युनिकोडही एका रात्रीत पोहोचला नाही. विंडोज एक्सपीवर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक खूण करायची आणि एक्सपीची सीडी घालायची, तेव्हा देवनागरी नीट जुळायची. सीडी कुणाकडे होती? 1 मे 2003 ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा लिहिणाऱ्यांनी ही सगळी कसरत करून लिहिलंय. आणि एक भानगड अजून संपलेली नाही. ‘दुसऱ्या’ मधला तो ‘ऱ्या’ आहे ना, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दिसायला सारखा, आतले नंबर वेगळे. एखाद्या जुन्या पानावर ‘दुसऱ्या’ शोधलात आणि समोर दिसत असूनही सापडला नाही, तर तुमचा फोन बिघडलेला नाही.

आता त्या पानाचं काय झालं? जिओसिटीज 1999 मध्येच याहूने विकत घेतली. आणि 26 ऑक्टोबर 2009 ला बंद केली. चारकोपच्या प्लॉटधारकाकडे निदान म्हाडाचे कागद होते. या वस्त्यांमध्ये राहणाऱ्यांकडे फक्त एक लॉगिन होतं. लाखो पानं एका दिवसात गेली. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने शेवटच्या महिन्यांत धावपळ करून जमेल तितकी उतरवून ठेवली, इंटरनेट आर्काइव्हनेही काही वाचवली. त्यात मराठी पानं आहेत. पण यातली गंमत, गंमत कसली, अशी आहे की वाचलेलं पान उघडलं तरी ते वाचता येईलच असं नाही. कारण ते ज्या फॉन्टवर उभं होतं तो फॉन्ट पानाबरोबर वाचलेला नाही. समोर येतात चौकोनी कंस आणि डॉलर. गुगललाही ते मराठी आहे हे कळत नाही, त्यामुळे शोधलं तरी सापडत नाही. फोटो खराब झाला तरी बाप्पा आहे एवढं ओळखता येतं. अक्षरं गेली की काहीच नाही.

आज काय करायचं, तेही सांगतो, कारण हे सगळं ऐकून कुणाला तरी करून बघावंसं वाटेल. फोनवरच होतं. कुठलाही टेक्स्ट एडिटर घ्या, इंडेक्स डॉट एचटीएमएल लिहा. सुरुवातीच्या भागात मजकूर ‘यूटीएफ-8’ मध्ये आहे ही एक ओळ टाका, म्हणजे मराठी मराठीच दिसेल. फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा, नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नको. मग गिटहब पेजेससारख्या ठिकाणी तुमच्या नावाच्या प्लॉटवर चढवा. फुकट आहे. स्वतःचं डॉट इन घेतलंत तर तो पत्ता तुमच्याबरोबर हलतो. उद्या सर्व्हर बदललात तरी लोकांना तोच पत्ता सांगायचा, मागे मशिन कुठलंही असो. फक्त दरवर्षी त्याचे पैसे भरायला विसरू नका. आणि मूळ फाइल्सची एक प्रत घरी ठेवा. त्या मुलाच्या फ्लॉपीत होती तशी.

सर्व्हर हवा तर इथला घ्या. जून 2016 पासून ॲमेझॉनचीही मोठी डेटा सेंटर्स मुंबई विभागात आहेत. म्हणजे आता चारकोपच्या आरतीची वेळ चारकोपमध्येच विचारायला समुद्र ओलांडावा लागत नाही.

तुमच्या घरात माळ्यावर जुन्या फ्लॉप्या असतील, आणि त्यातल्या एखाद्या फाइलमध्ये नुसते कंस आणि डॉलर दिसत असतील, तर फेकू नका. ती बहुतेक मराठी आहे. फॉन्ट कुठला होता हे ओळखता आलं तर तिचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर आजही मिळतात. एखादी उघडली गेली तर मला नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोवर, भेटूच.